मुलुंडची फोर-व्हील-ड्राइव्ह

विलीजची जीप महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जुळवायला घेतली. तिच्या वंशातली एक सध्या मुलुंडला, आमच्या सोसायटीत सुट्या भागांत नांदते. मालकांनी व्हिडिओ पाहून इंजिन उतरवलं. चढवायचा व्हिडिओ अजून सापडलेला नाही. दर रविवारी कुर्ल्याच्या भंगारबाजारातून पार्ट येतो, तो बसत नाही, म्हणून दुसरा येतो. सेक्रेटरींनी नोटीस लावली: ‘पार्किंग फक्त वाहनांसाठी.’ जीप वाहनात मोडते की नुसतीच मोडलेली आहे, यावर जनरल बॉडीत तासभर खल झाला. चारही चाकांना ताकद कशाला हवी, हे मात्र कुणी विचारलं नाही. पावसाळ्यातला एलबीएस रोड सगळ्यांनीच पाहिलाय. हौशी मंडळींनो, पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनीच वाढते. पाना उचलण्याआधी आरसी बुक तपासा.