कानामागून आली, लाखाची झाली

नागावच्या एका बंगल्यात शुद्ध चांदीची केबल काळी पडली. इअरफोनची. लांबी सव्वा मीटर, किंमत पंच्याऐंशी हजार. इअरफोन वेगळे. त्यांची किंमत विचारायची नसते. शुक्रवारी संध्याकाळी भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रोत चढायचं, तासाभरात मांडव्याला उतरायचं आणि 'मुंबईत काय कलकलाट आहे हो' म्हणत सोमवारपर्यंत कानात काहीतरी खुपसून बसायचं, ही मंडळी तुमच्या ओळखीची आहेत. त्यांतलेच हे एक.

केबल काळी पडल्यावर साहेबांनी आधी विक्रेत्यावर संशय घेतला, मग धातूच्या शुद्धतेवर, मग कुरियरवाल्यावर. बंगल्याची देखभाल करणाऱ्या बाईंनी केबल दुरूनच बघितली आणि म्हणाल्या, "साहेब, चांदी काली परली. रांगोलीनं घासून देऊ?"

साहेब जागच्या जागी बसले.

या किनाऱ्यावर चांदी काळी पडते हे इथल्या शाळकरी पोरीलाही तिच्या पैंजणांवरून ठाऊक असतं. खाडीच्या खाजणातला चिखल भरती ओसरली की कुजक्या अंड्यासारखा वास सोडतो. तो वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. तो चांदीला लागला की वर काळा थर चढतो. देवघरातलं निरांजन काळं पडतं, अत्तरदाणी काळी पडते, म्हणून गौरी-गणपतीच्या आधी सगळं काढून घासायचं. आता त्या ढिगात एक केबल आली, एवढाच फरक.

पण ही चांदी केबलमध्ये गेलीच कशाला? तर चांदी तांब्यापेक्षा वीज अधिक चांगली वाहून नेते. खरं आहे. सुमारे सहा टक्क्यांनी. म्हणजे तांब्याची तार जराशी जाड घेतली की हिशेब मिटला. पण जाड तांबं घेतलं तर बैठकीत सांगायचं काय? चांदी घातली की आवाजात 'हवा' येते, वरचे सूर 'उघडतात', तांबं ऐकलं की 'गरम' वाटतं. नागावात मे महिन्यात तांबं गरम वाटतं यात मला तरी नवल वाटत नाही.

ही केबल एखाद्या सोनाराच्या काट्यावर ठेवून बघा. दोन-तीन तोळे भरेल. चांदीचा भाव कितीही चढलेला धरा, माल काही हजारांचा. मग सोनार चष्म्यावरून बघत विचारील, "घडणावळ किती लावली?" त्याला काय सांगणार? पैंजणाच्या घडणावळीवरून अर्धा तास हुज्जत घालणारा माणूस इथे कारागिराचं नाव न विचारता पैसे मोजतो. पैंजणावर जीएसटी तीन टक्के, केबलवर अठरा, तोही आनंदाने. सरकारचंही बरोबरच आहे. पैंजण निदान वाजतात.

आणि केबल आली म्हणजे ऐकायला घेतली, असं नाही. आधी तिचं 'बर्न-इन' करावं लागतं. नवी तार कच्ची असते म्हणे. तिच्यातून दोनशे तास आवाज वाहू द्यायचा, मग तिचे कण मार्गी लागतात. तांब्या-चांदीचे कण दोनशे तासांत सुधारत असते तर महावितरणच्या तारांतून आजवर निदान एक तरी राग ऐकू यायला हवा होता. आमच्याकडे पावसाळ्यात त्यांच्यातून वीजसुद्धा येत नाही. तर साहेबांनी केबल इअरफोनला जोडली, इअरफोन प्लेअरला जोडला, प्लेअर चार्जरला लावला आणि सगळं बाड कपाटाच्या खणात ठेवून बाईंना बजावलं, खण उघडायचा नाही. आठ दिवस आणि वर आठ तास. त्यात गाणी लावायची नसतात, 'पिंक नॉइज' लावायचा असतो. पिंक नॉइज म्हणजे एकसारखा घोष, जवळजवळ लाटांच्या गाजेसारखा. म्हणजे बंगल्यापासून हाकेच्या अंतरावर आख्खा अरबी समुद्र फुकटात गाजत असताना बंद खणात विजेवर दुसरा समुद्र चालू, ऐकायला माणूस नाही, आणि दोन्हींमध्ये खणातला खरा! मधे एकदा वीज गेली, प्लेअर बंद पडला, तर तास पहिल्यापासून मोजायचे की राहिले तिथून, यावर साहेबांची मुंबईतल्या एका जाणकाराशी फोनवर पाऊण तास चर्चा झाली. निर्णय: पहिल्यापासून. खणाला हवा लागावी म्हणून बाईंनी तो बोटभर उघडा ठेवला होता. खाजणाची हवा आत गेली ती अशी.

बरं, मग ऐकतात काय? जुनी भावगीतं. मोनो ध्वनिमुद्रण, एक माइक, पुढे गायिका, मागे वाद्यं. त्याची १९२ किलोहर्ट्‌झची फाइल. सीडीला ४४.१ पुरत होते, कारण त्याच्या निम्म्यापर्यंतचे सूर त्यात मावतात आणि माणसाचा कान फार तर २० हजार हर्ट्‌झपर्यंत ऐकतो, तोही लहान मुलाचा. साहेबांची पन्नाशी उलटली. त्या वयात बहुतेकांचा कान बारा-चौदा हजारांच्या पलीकडे दार लावून घेतो. वरचा माल कुत्र्याच्या कामाचा. त्याला ४० हजारांपुढचंही ऐकू येतं. तेव्हा बंगल्यातला खरा ऑडिओफाइल फाटकाशी साखळीने बांधलेला आहे. साहेबांना विचारा, गाणं कसं वाटलं? म्हणतील, तबलजीची अंगठी डग्ग्याला लागलेली ऐकू आली. दुसऱ्या कडव्याआधी कोणीतरी खुर्ची सरकवली. गाण्याचे शब्द विचारू नका, तिकडे लक्ष नव्हतं.

इथवर मी हसत होतो.

या इअरफोनच्या पोटात जो चिमुकला ड्रायव्हर असतो, 'बॅलन्स्ड आर्मेचर', त्याच्या जाहिराती वाचाल तर वाटेल देवलोकातून आला. तो आला श्रवणयंत्रातून. ऐकू न येणाऱ्या माणसाच्या कानात मावावा म्हणून तो तांदळाएवढा केला गेला. पुढे गेल्या शतकाच्या शेवटी रंगमंचावरच्या गायकांच्या कानात गेला, आणि तिथून या शौकिनांच्या. श्रवणयंत्रात एक पुरतो. यांना एकेका कानात दहा-बारा लागतात. लागू देत, पैसा त्यांचा. पण बंदरावर जाऊन बघा. उभी हयात डिझेल इंजिनाच्या शेजारी काढलेले तांडेल तुम्हाला भेटतील. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. 'म्हातारा तुसडा आहे' असं गाव म्हणतं. तुसडा नाही, त्याला तुम्ही ऐकूच येत नाही! त्याच्या कानापर्यंत तो तांदळाएवढा तुकडा कोणी पोचवला नाही, आणि इथे केबलमधली 'हवा' कमी झाली म्हणून लोक रजा टाकतात.

तांडेल लांबचा झाला. साहेबांचे वडील त्याच बंगल्यात मागच्या खोलीत असतात. त्यांचं श्रवणयंत्र उशाशी डबीत पडलेलं आहे, बॅटरी संपून. बाईंनी दोनदा आठवण करून दिली. साहेब म्हणाले, "बघतो. नाहीतरी बाबांना आता ऐकायचंय काय?" बाबा सकाळपासून त्यांना तीन वेळा विचारून चुकले होते, आज कुठला वार आहे. साहेबांच्या कानात फोमच्या टिप्स होत्या. त्या बाहेरचा आवाज फार छान अडवतात, परीक्षणात तसं लिहिलेलंच असतं.

ती बॅटरी झिंक-एअरची असते, शर्टाच्या बटणापेक्षा लहान. पाकिटात सहा येतात. वरचं स्टिकर काढायचं, आत हवा जायला मिनिटभर थांबायचं आणि बसवायची. एवढंच तिचं बर्न-इन.