फूल की दोन पाने?

जगातल्या कुठल्याही मुलखाने फुटून निघायचं की नांदायचं, याचा निकाल आधी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर लागतो. त्या मुलखातले लोक नंतर मत देतात. स्कॉटलंडला २०१४ साली कट्ट्याने केव्हाच स्वातंत्र्य देऊन टाकलं होतं. १८ सप्टेंबरला स्कॉटिश मंडळींनी ५५ विरुद्ध ४५ टक्क्यांनी राहायचं ठरवलं आणि कट्ट्याचा विनाकारण अपमान केला.

त्या मतदानातली मला भावलेली गोष्ट वेगळीच. एडिंबरात राहणाऱ्या पोलिश माणसाला मत होतं. सोळा वर्षांच्या शाळकरी पोराला होतं. पण लंडनला नोकरीसाठी गेलेल्या, मायभूमीच्या आठवणीने व्हिस्कीच्या ग्लासात टिपं गाळणाऱ्या अस्सल स्कॉटिश माणसाला नव्हतं. तुम्ही राहता कुठे, एवढंच बघितलं गेलं. लंडनवाल्यांनी त्यावर बराच गळा काढला. मुंबईत मात्र हा गळा १९६७ सालीच काढून झालाय.

१६ जानेवारी १९६७. गोव्यातल्या मतदाराच्या हातात एक मतपत्रिका दिली गेली. तिच्यावर उमेदवार नाही, पक्ष नाही. एक फूल आणि दोन पाने. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हा, दोन पाने म्हणजे केंद्रशासित राहा. स्वतंत्र देशाचा पर्याय नव्हता, पण भांडण स्वतंत्र अस्तित्वाचंच होतं. एखाद्या प्रदेशाला 'बाबा रे, तुझ्या मनात काय आहे' असं सरकारने थेट विचारल्याचे प्रसंग या देशात मोजकेच. त्यातला हा एक, आणि तो आपल्या अंगणात घडला.

अंगणात म्हणजे आपण तसं धरून चाललो होतो. गिरगावातला युक्तिवाद साधा होता. मंगेशी तिकडे, शांतादुर्गा तिकडे, अर्ध्या चाळीची कुलदैवतं तिकडे, म्हणजे सातबाराही आपलाच. शिवाय गाणं तिकडचं, मासळीचं सार तिकडचं. आता विलीनीकरण म्हणजे नुसती नोंद करायची बाकी. आचार्य अत्र्यांचा 'मराठा' तोफा डागत होता, मुख्यमंत्री वसंतराव नाईक अनुकूल होते, आणि खुद्द गोव्याचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचा पक्ष तर नावानेच महाराष्ट्रवादी. मुलगी तयार, मुलाकडचे तयार. मुहूर्त तेवढा धरायचा.

गिरगावातून चिरा बाजार ओलांडला की धोबी तलाव. तिथल्या जेर महालात आणि आसपास गोव्यातल्या ख्रिस्ती मंडळींचे कूड, म्हणजे सामायिक बिऱ्हाडं होती, गावागावाची वेगळी. बोटीवर चढायची वाट बघणारे खलाशी, आचारी, बँडवाले. ट्रंका भिंतीला लावलेल्या, कोपऱ्यात अल्तार. कोंकणी तियात्र, म्हणजे त्यांचं नाटक, जन्मलं तेच मुळी मुंबईत, १८९२ साली. या लोकांना विलीनीकरण नको होतं. म्हणजे चिरा बाजारात एकाच कोळणीकडे बांगडे निवडणारे दोन गोवेकर, एक फुलाचा, एक पानांचा. कोळणीला दोघांचंही देणंघेणं नाही, ती भावावर ठाम.

आणि दोघांनाही मत नाही! गोव्याबाहेरच्या गोवेकरांना मत द्या, अशी मागणी डॉ. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स पक्षाने लावून धरली होती. धोबी तलावाचा हिशेब त्यांना पक्का ठाऊक होता. दिल्लीने ऐकलं नाही. त्यामुळे मुंबईत सभा झाल्या, अग्रलेख झाले, घराघरात भांड्याला भांडं लागलं. फक्त मतपेटी आली नाही.

मुळात हे मतदान झालं कसं, तेही बघण्यासारखं आहे. १९६३ च्या डिसेंबरात बांदोडकरांचा पक्ष निवडून आला. त्यांचं म्हणणं, निवडून आलो हाच कौल, विधानसभेत ठराव करू आणि मोकळे होऊ. सिक्वेरांचं म्हणणं, आमदार राज्य चालवायला निवडलेत, राज्यच देऊन टाकायला नव्हे; हा एकच प्रश्न वेगळा काढून लोकांपुढे ठेवा. दिल्लीने अखेर तसा कायदा केला. मग मुख्यमंत्रीच खुर्चीत बसून प्रचार करणार का, असा आरडाओरडा झाला, तेव्हा भाऊसाहेबांनी डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला. मतदान निर्मळ व्हावं म्हणून मुख्यमंत्र्याने खुर्ची सोडली! आजच्या आमदाराला हे वाक्य दोनदा वाचावं लागेल.

आता गंमत बघा. ३० ऑक्टोबर १९६६ ला शिवाजी पार्कवर शिवसेनेचा पहिला मेळावा भरला. मागणी काय, तर मुंबईतल्या नोकऱ्या स्थानिकांना. बाहेरून येऊन खुर्च्या अडवणाऱ्यांना आवरा. दादर दुमदुमलं. त्याच मोसमात मडगाव-पणजीत लोक नेमकं हेच बोलत होते: सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या बाहेरून डेप्युटेशनवर आलेल्यांनी अडवल्यात, आमच्या पोरांचं काय? फरक इतकाच, की तिथले 'बाहेरचे' आपण होतो. भूमिपुत्राचा हा हिशेब दादरला पाठ होता, पण गोव्यात उतरल्यावर त्याची बेरीज वेगळी येते हे कुणी तपासलं नाही.

दुसरी भानगड बाटलीची. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा होता. थोडा सैल झाला होता, पण प्यायला परवाना लागायचा. लालबागच्या बारवर आजही 'परमिट रूम' अशी पाटी दिसते, ती त्याच काळाची पुण्याई. विलीनीकरण झालं तर माडावर चढून माडी काढणाऱ्या रेंदेराच्या पोटाचं काय, हा प्रश्न गोव्यात गावोगाव विचारला गेला. आपण संस्कृती, परंपरा, शिवकाल यांवर बोलत होतो. समोरचा माड, मासा आणि मुलाची नोकरी यांवर बोलत होता. कोण जिंकणार, हे कोळणीनेही सांगितलं असतं.

आणि सगळ्यांत झोंबणारी गोष्ट: विलीनीकरण हरलं ते मराठीतून. मडगावहून 'राष्ट्रमत' निघायचं, मराठी दैनिक. संपादक चंद्रकांत केणी. त्यात उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' नावाचं सदर लिहायचे. कोंकणी माणूस, हत्यार मराठी, आणि निशाण्यावर महाराष्ट्र. पणजीचा 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने होता, तोही मराठीच. म्हणजे दोन मराठी पत्रं एकमेकांच्या उरावर बसलेली आणि मराठी वाचता येणारा हिंदू मतदार दोन्ही वाचून मनाशी ठरवतोय. मराठी वाचतो म्हणजे मत आपल्यालाच देणार, हा हिशेब तिथेच फसला. गिरगावाने ज्यांच्या कविता डोक्यावर घेतल्या ते बा. भ. बोरकरही पानांच्याच बाजूला. सदर लिहिणाऱ्या माणसाला या प्रकरणात 'ब्रह्मास्त्रा'चा हेवा वाटतो. आमच्या सदराने वाचकाचं मत सोडाच, साधी वर्गणी बदलत नाही.

निकाल लागला. केंद्रशासित प्रदेशासाठी १,७२,१९१. विलीनीकरणासाठी १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. मुंबईत पहिली प्रतिक्रिया ठरलेली: लोकांना फसवलं. आपल्या मनासारखं झालं तर लोक सुज्ञ, नाहीतर भोळे.

पण तारीख पुन्हा एकदा बघा. १६ जानेवारी. अकरा वर्षांपूर्वी, १९५६ मध्ये, याच तारखेला नेहरूंनी जाहीर केलं होतं की मुंबई केंद्रशासित होणार. विचारलं कुणालाच नव्हतं. मग गिरगाव, लालबाग, परळ पेटलं. पोलिसांच्या गोळ्या चालल्या, माणसं मेली. चिंतामणराव देशमुखांनी त्या जुलैत अर्थमंत्रिपद सोडलं. संयुक्त महाराष्ट्राच्या एकूण लढ्यात शंभराहून अधिक हुतात्मे झाले, तेव्हा कुठे १ मे १९६० उजाडला. ज्या 'केंद्रशासित' शब्दाविरुद्ध लालबागच्या पोरांनी छातीवर गोळ्या झेलल्या, तोच शब्द गोव्याने अकरा वर्षांनी रांगेत उभं राहून, मत देऊन मागून घेतला. लालबागला ते कळेना. कळण्यासारखं त्यात एकच होतं: एकाला सांगितलं होतं, दुसऱ्याला विचारलं होतं. मुंबईला कुणी फूलही दाखवलं नाही आणि पानंही नाहीत. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या पेट्या भरून मुंबईकरांनी जे सांगायचं ते सांगितलं, तेवढंच काय ते आपलं सार्वमत.

तेव्हापासून 'मुंबई तोडण्याचा डाव' दर पालिका निवडणुकीला माळ्यावरून खाली काढतात, फडक्याने पुसतात आणि निकालानंतर परत वर ठेवतात. डाव कुणाचा, कसा, कागद कुठे, हे विचारायचं नसतं. २०२२ च्या मार्चपासून पालिकेवर प्रशासक बसला, पुढे वर्षानुवर्षं मुंबईकराला आपला नगरसेवकही निवडता आला नाही, तेव्हा मात्र कुणाची अस्मिता फारशी खवळल्याचं दिसलं नाही. बहुधा ती माळ्यावर होती.

भाऊसाहेबांचं पुढे काय झालं? दोनच महिन्यांत, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक लागली आणि त्याच गोवेकरांनी त्यांच्या पक्षाला तीसपैकी सोळा जागा देऊन पुन्हा मुख्यमंत्री केलं. फूल नको, माळी हवा. ज्या मतदाराला आपण भोळा म्हटलं, त्याने दोन प्रश्नांची दोन वेगळी उत्तरं दिली. त्या पक्षाच्या नावात 'महाराष्ट्रवादी' आजही आहे. कुणाला काढावंसं वाटलं नाही आणि कुणाला खुपतही नाही. १६ जानेवारी तिकडे अस्मिता दिन म्हणून पाळतात. इकडे ती तारीख लक्षात नाही, ना १९५६ ची ना १९६७ ची.

त्याच हिवाळ्यात आणखी एक प्रकरण सुरू होतं. बेळगावच्या सीमावादासाठी महाजन आयोग ऑक्टोबर १९६६ मध्ये नेमला गेला होता. गोव्यात लोकांना विचारलं, बेळगावात एका निवृत्त सरन्यायाधीशांना. त्यांनी बेळगाव म्हैसूरकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे ठेवलं, आपण अहवाल फेटाळला, आणि २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. बेळगावच्या लोकांनाच विचारा, ही मागणी रास्तच आहे. मीही सही करीन. फक्त सह्या गोळा करायला येणाऱ्या गृहस्थांकडे एकदा गोव्याचा विषय काढून बघा. "गोव्यात लोकांना फसवलं हो," असं ते पेनाचं टोपण उघडता उघडता म्हणतात. मतदारयादीत त्यांचं नाव माहीमचं.