धोकादायक संगणकांची यादी

पावसाळ्याआधी नवी मुंबई महापालिका धोकादायक इमारतींची यादी लावते. वाशीतल्या जुन्या सिडको इमारतींचे रहिवासी ती धडधडत्या काळजाने वाचतात. निदान तिथे छताचं प्लास्टर तरी पडलेलं असतं! संगणकाला तेवढंही लागत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार काढला गेला आणि रात्री ठणठणीत असलेलं यंत्र सकाळी ‘असुरक्षित’ ठरलं.

२०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एका माणसाने भर परिषदेत सांगितलं होतं, ही विंडोजची शेवटची आवृत्ती. ज्यांनी ते खरं मानलं, त्यांचंच चुकलं. पुढे ११ आली. तिला टीपीएम २.० चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा. सातव्या पिढीच्या कुंडलीत नेमका कोणता दोष, हे विचारायचं नाही.

मुदतवाढ मिळाली म्हणा, एका वर्षाची. ३० डॉलर द्या, किंवा तुमच्या सेटिंग्ज त्यांच्या क्लाउडवर ठेवा, मग फुकट. युरोपात ग्राहक संघटना ओरडल्या, तिथल्या अटी सैल झाल्या. आपला घसा सोसायटीच्या मीटिंगमध्येच बसलेला.

सुरक्षेचे पॅच हवेत, मान्य. पण एपीएमसीच्या गाळ्यात कांद्याचं बिल छापणाऱ्या संगणकावर असं कोणतं राष्ट्रीय गुपित असतं? तो आता भंगारात जाईल. भंगारवाला भला माणूस, पिढी विचारत नाही. वजनावर घेतो.