गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे

आम्सटरडॅम महापालिकेने 1 जानेवारी 2018 पासून एक नियम लागू केला. ज्या पत्रपेटीवर ‘हो, चालेल’ असं स्टिकर असेल, त्याच पेटीत बिनपत्त्याची जाहिरातपत्रकं टाकायची. स्टिकर नसेल तर टाकायची नाहीत. टाकली तर दंड.

त्याआधी नेदरलँड्सभर उलटी रीत होती. ज्याला नको असेल त्याने ‘नको’चं स्टिकर लावायचं, बाकी सगळ्यांच्या पेटीत सगळं पडणार. पालिकेने ही रीत फिरवली आणि छपाई-वाटपाचा धंदा कोर्टात धावला. खालच्या कोर्टात हरला, अपिलात हरला, आणि 24 सप्टेंबर 2021 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही पालिकेचा नियम कायम ठेवला. युट्रेक्ट, हेग, रॉटरडॅम या शहरांनीही हीच वाट धरली.

जाहिरातीवर बंदी नव्हती. ज्याला हवी त्याला ती पूर्वीसारखीच मिळणार होती. मग एवढी धावाधाव कशासाठी? कारण हा धंदा मागणाऱ्यांच्या जोरावर चालत नाही, गप्प बसणाऱ्यांच्या जोरावर चालतो. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे जुनं वचन त्याने आपल्या सोयीपुरतं उचललं आहे. माणूस दमून घरी येतो, पेटीतले कागद न वाचता डब्यात टाकतो आणि तक्रार करायला काही उठत नाही. त्याच्या न उठण्याची नोंद होकार म्हणून होते. ‘आम्ही इतक्या लाख घरांत पोचतो’ असं जाहिरातदाराला सांगून पैसे घेतले जातात, त्या लाखांत हा माणूस धरलेला असतो.

माझं म्हणणं सरळ आहे. घरात काय यावं हे घरातल्यांनी ठरवायचं, आणि त्यांनी ठरवलेलं नसेल तोवर उत्तर ‘नको’ असंच धरायचं.

अमेरिकेत यातला पहिला अर्धा भाग 1970 सालीच मान्य झाला. अश्लील टपालाला आळा घालण्यासाठी तिथे 1967 मध्ये कायदा झाला होता. अमुक कंपनीचं टपाल मला नको, असं घरमालकाने कळवलं की पोस्टाने त्या कंपनीला त्याचं नाव यादीतून काढायला लावायचं. कॅटलॉग पाठवणारे व्यापारी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिलेल्या एकमताच्या निकालाचा सार असा: पाठवणाऱ्याचा हक्क नको म्हणणाऱ्याच्या पत्रपेटीपाशी संपतो. काय आक्षेपार्ह हे ठरवणारा एकटा घरमालक. कापडचोपडाचा कॅटलॉग त्याला खटकला, तर तोही तो बंद करू शकतो, इथवर न्यायालय गेलं.

हक्क मिळाला, पण वापरायचा कसा? एकेका कंपनीमागे एकेक अर्ज भरून. पुढच्याच वर्षी, 1971 मध्ये, जाहिरातदारांच्या संघटनेने स्वतःची ‘नको’वाल्यांची यादी सुरू केली. आज त्या यादीत नाव घालायला ग्राहकाला शुल्क मोजावं लागतं, आणि तेही दहाच वर्षांसाठी. नको असलेली वस्तू थांबवण्याचे पैसे ज्याला ती नको त्याच्याकडूनच घ्यायचे, हा उघड अन्याय आहे. शिवाय ‘सध्याचे रहिवासी’ एवढंच लिहून येणारं टपाल त्या यादीने थांबत नाही, कारण त्यावर नावच नसतं.

फोनसाठी अमेरिकेने 2003 मध्ये सरकारी ‘फोन करू नका’ यादी उघडली आणि लोकांनी ती उचलून धरली. टपालासाठी तशीच यादी व्हावी म्हणून अनेक राज्यांत विधेयकं आली. एकही कायदा झाला नाही. याचं कारण पोस्टाच्या हिशेबात दिसतं. 2023 च्या आर्थिक वर्षात अमेरिकी पोस्टाने साधारण 4,600 कोटी पहिल्या वर्गाची पत्रं वाहिली, आणि जाहिरातीचं टपाल 5,900 कोटींच्या घरात. ज्या सरकारी खात्याचा गाडा अशा टपालावर चालतो, ते खातं स्वतःहून हा दरवाजा बंद करणार नाही. म्हणून या बाबतीत ग्राहकाची बाजू घेणारा दुसरा कुणी तरी लागतो. आम्सटरडॅममध्ये ती महापालिकेने घेतली, कारण पेटीतून निघालेला कागद शेवटी तिलाच उचलावा लागत होता.

ज्यांची मुलं-नातवंडं न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात आहेत, त्यांनी एक गोष्ट त्यांच्या कानावर जरूर घालावी. न मागता येणारी क्रेडिट कार्डांची पत्रं तिथे कायद्याने थांबवता येतात. पतनोंदणी कंपन्यांच्या ‘ऑप्टआउटप्रीस्क्रीन’ या सेवेवर नाव घातलं की पाच वर्षं, आणि सही केलेला अर्ज पाठवला की कायमची. फुकट.

पुन्हा युरोपात येऊ. फ्रान्सने 2004 पासून ‘जाहिरात नको’चं स्टिकर चालवलं. ते धुडकावणाऱ्याला 2021 पासून दंड आला. मग मे 2022 पासून चौदा भागांत तीन वर्षांसाठी आम्सटरडॅमसारखा ‘हो’चा प्रयोग झाला. ग्रनोबल आणि बोर्दो त्यात होते. याच काळात कागद महागला आणि लक्लेर या सुपरमार्केट साखळीने सप्टेंबर 2023 मध्ये कागदी पत्रकंच बंद केली. सप्टेंबर 2024 मध्ये मिली ही पत्रकं वाटणारी कंपनी दिवाळखोरीत निघाली. सुमारे दहा हजार माणसांचं काम गेलं.

ही बाजू मी लपवणार नाही. पत्रकं वाटणारा माणूस गरीब असतो आणि धंदा बसला की पहिला तोच रस्त्यावर येतो. त्याची नुकसानभरपाई, त्याला दुसरं काम, ही जबाबदारी सरकारची आणि ज्यांनी इतकी वर्षं त्याच्या पायांवर नफा कमावला त्यांची आहे. पण त्याच्या पगारासाठी लाखो घरांनी नको असलेला कागद उचलत राहावं, हे उत्तर मला मान्य नाही.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रातल्या घरात जाहिरातीचा कागद तीन वाटांनी येतो. एक, सकाळच्या वर्तमानपत्रात घातलेली पत्रकं. दोन, दाराच्या कडीत किंवा जाळीत खोचलेली क्लासची, पिझ्झाची, नव्या गृहप्रकल्पाची पत्रकं. तीन, भारतीय टपाल खात्याची ‘डायरेक्ट पोस्ट’ सेवा. तिच्यात बिनपत्त्याच्या जाहिराती पोस्टमन घरोघर देतो. तिन्ही वाटांवर आपल्याला कुणी विचारत नाही. आणि आलेला कागद ओल्या कचऱ्यापासून वेगळा ठेवण्याचं बंधन मात्र 2016 च्या घनकचरा नियमांनी आपल्या घरावर टाकलं.

फोनसाठी आपल्याकडे सोय झाली. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने 2007 मध्ये नकाराची राष्ट्रीय यादी सुरू केली, पुढे 1909 हा क्रमांक आला. तरी जाहिरातीचे फोन थांबले नाहीत, हे फोन बाळगणारा प्रत्येक जण जाणतो. कारण तिथेही मूळ समज तोच: ज्याने नाव नोंदवलं नाही, त्याला चालतं.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने मात्र हा समज मोडला. संमती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कारणापुरती आणि स्पष्ट कृतीतून व्यक्त झालेली हवी. ती देणं जितकं सोपं, काढून घेणंही तितकंच सोपं हवं. म्हणजे गप्प बसणं हा होकार नाही, हे देशाच्या संसदेने मान्य केलं. पण हा कायदा डिजिटल माहितीपुरता. दाराच्या कडीत खोचलेला कागद त्याच्या कक्षेबाहेर आहे. डिजिटल माहितीला जे संरक्षण, ते घराच्या दाराला का नसावं?

कुणी म्हणेल, गल्लीतल्या नव्या पोळीभाजी केंद्राने, नव्या शिंप्याने गिऱ्हाईक शोधायचं कसं? प्रश्न रास्त आहे. त्यांच्यासाठी सोसायटीचा सूचनाफलक आहे, फाटकाजवळ पत्रकं ठेवायला एक टेबल ठेवता येतं. ज्याला गरज आहे तो उचलेल, आणि स्वतःहून उचललेलं पत्रक वाचलंही जातं. छोट्या व्यावसायिकाचा छपाईचा खर्चही वाचेल.

पहाटे पत्रकं घालणाऱ्या वृत्तपत्र विक्रेत्याला त्याचे थोडे पैसे मिळतात, हेही खरं. त्याचं कमिशन वृत्तपत्रांनी वाढवावं. वाचकाने ‘फक्त पेपर टाका’ म्हटलं तर त्याची झळ विक्रेत्याला बसता कामा नये.

यासाठी दिल्लीची वाट बघायची गरज नाही. सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडा: ज्या घराने लेखी होकार दिला नाही, त्या दारात जाहिरातीचा कागद येणार नाही. तो ठराव फाटकावर लावा, रखवालदाराला समजावून सांगा, पेपरवाल्याला त्याची प्रत द्या. टपाल खात्याला लिहा, की ‘डायरेक्ट पोस्ट’साठी प्रत्येक पोस्टात होकाराची नोंदवही ठेवा आणि तिच्यात नाव नसलेलं घर वगळा. तुमच्या नगरसेवकाला विचारा, की आम्सटरडॅमच्या पालिकेला जे जमलं ते पुण्याच्या, ठाण्याच्या, नाशिकच्या पालिकेला का जमू नये. हे सगळं करायला एकदा उठावं लागेल. तेवढं उठा, म्हणजे पुढे गप्प बसणं होकार ठरणार नाही.