जेनबँकेचं कोटेशन मागवा

अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनला खान्देशातर्फे एक नम्र विनंती करायची वेळ आली आहे. १९८२ साली सुरू झालेला आणि आता त्यांच्याकडे असलेला जेनबँक नावाचा जनुकीय माहितीचा साठा ते जगाला फुकट वाटतात. तो त्यांनी कृपया विकायला काढावा. किंमत काहीही लावा, पण बिल द्या. बिलावर गोल शिक्का असू द्या आणि बिल कॉलेजच्या नावानं असू द्या. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांचं भलं व्हायचं असेल, तर याहून जवळचा रस्ता दिसत नाही. फुकटची वस्तू वाईट असते असं कुणी म्हणत नाही, पण ती आपल्या कारभारात बसत नाही. तिची तीन कोटेशनं मागवता येत नाहीत, तुलनात्मक तक्ता करता येत नाही, डेडस्टॉक रजिस्टरला तिची नोंद होत नाही आणि ऑडिटरपुढे ती ठेवता येत नाही. जे रजिस्टरला चढलं नाही ते कॉलेजात नसतं, मग ते उरलेल्या जगात भले असो.

याउलट जे रजिस्टरला चढलं आहे त्याचा थाट बघावा. जीवशास्त्र विभागाची संगणक प्रयोगशाळा लांबूनही ओळखू येते. दाराशी चपला-बूट बाहेर काढण्याची पाटी, आत ओळीनं मांडलेले संगणक, प्रत्येकाच्या अंगावर प्लास्टिकचं आवरण, सीपीयूच्या कडेला पांढऱ्या ऑइलपेंटनं घातलेला डेडस्टॉक नंबर आणि मॉनिटरच्या कपाळी गेल्या दसऱ्याचं हळदीकुंकू. की-बोर्डच्या फटीत झेंडूची वाळलेली पाकळी सापडली, तर दसऱ्यानंतर त्या बटणांना कुणाचा हात लागलेला नाही एवढं नक्की समजावं. यात कुणाला कामचुकार ठरवणं अन्यायाचं होईल. वापरलेला संगणक बिघडतो, बिघडला की दुरुस्तीचा खर्च कोणत्या हेडखाली टाकायचा हा प्रश्न उभा राहतो. न वापरलेल्या संगणकामुळे आजवर कोणताही प्रश्न उभा राहिल्याचं ऐकिवात नाही.

हे शहाणपण खालच्यांनी स्वतः शोधून काढलेलं नाही. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सात निकषांपैकी चौथा निकष पायाभूत सुविधा आणि अध्ययन साधनांचा. गेल्या काही वर्षांच्या पद्धतीत त्यात विद्यार्थी आणि संगणक यांचं गुणोत्तर विचारलं जातं, आणि पुस्तकं-नियतकालिकांवर वर्षाला सरासरी किती खर्च केला तेही विचारलं जातं. दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण संगणक चालू आहे की आवरणाखाली आहे, यानं गुणोत्तर बदलत नाही. आणि एखाद्या विभागानं वर्षभर पबमेड, जेनबँक आणि प्रोटीन डेटा बँक या फुकट साठ्यांवरच शिकवलं, तर खर्चाच्या रकान्यात काय लिहायचं? शून्य. शून्य लिहिलेला रकाना पीअर टीमला दाखवायला कोणत्या प्राचार्यांचा हात धजेल?

बिल असलं की काय होतं याचा पुरावाही हाताशी आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट योजना २०१० पासून चालू आहे. अनुदानित कॉलेजनं वर्षाला पाच-सहा हजार रुपये भरले की सहा हजारांवर नियतकालिकं आणि लाखाच्या पुढे ई-पुस्तकं उघडतात. तिची पावती मिळते, म्हणून ती वार्षिक अहवालात मानानं छापली जाते. पावती अहवालात पोचते, पासवर्ड विद्यार्थ्यांपर्यंत पोचेलच असं नाही. पण निदान ‘आमच्याकडे आहे’ असं छातीठोक सांगता तरी येतं. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ मंजूर केलं. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, जवळजवळ तेरा हजार नियतकालिकं. पहिला टप्पा सरकारी व्यवस्थापनाखालच्या संस्थांचा आहे आणि खान्देशातली बहुतेक कॉलेजं खाजगी शिक्षणसंस्थांची आहेत, एवढीच काय ती बारीकशी अडचण. सहा हजार कोटींचं कौतुक पेपरात पहिल्या पानावर येतं. जेनबँक चाळीस वर्षं फुकट आहे, ही बातमी कोण छापणार?

आता प्रात्यक्षिकाकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०११ मध्ये प्राणिशास्त्रातलं विच्छेदन कमी करायला सांगितलं आणि २०१४ मध्ये ते बंदच केलं. बेडूक ट्रेमधून सुटला, त्याच्या जागी संगणकावरची प्रतिकृती यावी असं ठरलं. बेडकाचा जीव वाचला हे उत्तम झालं. पण पूर्वी त्याचं निदान पोट तरी उघडत होते, आता फोल्डरही उघडत नाहीत. जी गत बेडकाची तीच ब्लास्टची. ब्लास्ट म्हणजे आपल्या हातातला डीएनएचा क्रम जगातल्या साठ्याशी ताडून बघण्याचं साधन. त्याचा मूळ शोधनिबंध ऑक्टोबर १९९० चा आणि जळगावचं विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० चं, म्हणजे दोघं एकाच वर्षाचे. पैकी एक रोज जगभर राबतो आहे. तो खान्देशात कुठे भेटतो, तर सर्टिफाइड जर्नलमध्ये. डावीकडच्या कोऱ्या पानावर संगणकाच्या पडद्याची पेन्सिलीनं काढलेली आकृती, उजवीकडे हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. साहित्यात ‘संगणक, इंटरनेट’ असं स्वच्छ अक्षरात.

त्या निरीक्षणातली गंमत थोडी जवळून बघण्यासारखी आहे. ब्लास्टच्या निकालात ई-व्हॅल्यू नावाचा एक आकडा येतो. एवढं साम्य निव्वळ योगायोगानं किती वेळा सापडू शकेल, ते तो सांगतो. तो काढताना साठ्याचा आकारही हिशेबात धरतात. जेनबँकेच्या डिसेंबर १९८२ च्या आवृत्तीत अवघे ६०६ क्रम होते, आता ते कोट्यवधींत आहेत आणि वाढत्या साठ्याबरोबर हा आकडाही सरकतो. लांबलचक क्रम तंतोतंत जुळला तर तो शून्यच दिसतो हे खरं, पण छोट्या तुकड्याचं तसं नाही. म्हणजे यंदाच्या जर्नलमधली ई-व्हॅल्यू पाच वर्षांपूर्वीच्या सीनियरच्या जर्नलमधल्या आकड्याशी दशांशचिन्हापर्यंत जुळत असेल, तर दोनच शक्यता उरतात. एक तर जगातलं जीवशास्त्र पाच वर्षं जागच्या जागी थांबलं होतं, किंवा प्रयोग झेरॉक्सच्या दुकानात झाला. एक्सटर्नल दोन्ही शक्यतांवर सारख्याच उदारपणे सही करतात.

आणि शोधायचं काय, तर माणसाचं इन्शुलिन नाही तर हिमोग्लोबिन. पुस्तकात तेच आहे. रावेर-यावल पट्ट्यातला विद्यार्थी केळीच्या बागेतून कॉलेजला येतो. त्या बागेवर हरण्या पडलेला असतो, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस. तो मावा किडीनं पसरतो, पानं पिवळी पट्टेरी होतात आणि झाडं उपटून फेकावी लागतात. या विषाणूचे क्रम जेनबँकेत आहेत. केळीचा जीनोम २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये आला, साडेछत्तीस हजारांच्या आसपास जनुकं, सगळी खुली. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय मिळालं, त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर लावता येतं, म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहे. शहाद्याच्या जंगलातल्या रानपिंगळ्याचीही हीच कथा. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना नव्हता. मेनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १९१४ चा म्हणून एक नमुना गुजरातेतल्या मांडवीच्या नावावर नोंदवून ठेवला होता. नोंद खोटी निघाली, ती बाजूला सारून जुन्या अस्सल नमुन्यांच्या ठिकाणांकडे वळल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षी शहाद्याजवळ जिवंत सापडला. २०१८ मध्ये त्याचा डीएनए तपासून कुळगोत्रही लावलं गेलं, तो निबंध कुणालाही फुकट वाचता येतो. रजिस्टरवर किती विश्वास ठेवावा याचा असा धडा आपल्याच मुलखात घडलेला असताना प्रात्यक्षिकाला तो घ्यायचा नाही, हा संयम कौतुकास्पद आहे.

आक्षेप येतील. पहिला विजेचा आणि नेटचा. तो फारसा टिकत नाही. ब्लास्टचं काम मेरीलँडमधल्या बेथेस्डाच्या यंत्रांवर चालतं, इथून फक्त काही ओळींची अक्षरं जातात. त्याला आठ-दहा वर्षं जुना संगणक पुरतो. खरं तर विद्यार्थ्याच्या खिशातला मोबाइलही पुरतो, पण कॉलेजच्या आवारात मोबाइलला बंदी असते, कारण मोबाइलमुळे अभ्यासाकडे दुर्लक्ष होतं. दुसरा आक्षेप अभ्यासक्रमाचा: परीक्षेत विचारत नाहीत. विचारतात की! ‘ब्लास्टच्या पायऱ्या लिहा’ असं विचारतात, आणि पोहणं लेखी परीक्षेत उत्तम येणारी पिढी त्यातून तयार होते.

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. शिकवणार कोण? पक्क्या जागा रिकाम्या आणि तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक तासागणिक पैसे मोजून घेतलेले, तेही महिनोन्महिने उशिरा. त्यांनी तासाबाहेर बसून हरण्याचे क्रम गोळा करावेत आणि प्रात्यक्षिक नव्यानं बांधावं, ही अपेक्षा कोणत्या तोंडानं करायची? भाषेचंही तसंच. डीएनएची अक्षरं चारच, ए, टी, जी, सी, ती मराठी माध्यमाच्या मुलालाही येतात. पण पडद्यावरच्या सूचना इंग्रजीत आणि कृतीचा मराठी कागद कुणी केलेला नाही. त्या कागदाला दोन-चार जाणत्या शिक्षकांचे काही दिवस आणि त्या दिवसांचे पैसे लागतील, एका संगणकाच्या किमतीहून पुष्कळ कमी. त्यासाठी हेड नाही. संगणकासाठी आहे. विद्यापीठाला २०१८ पासून ज्यांचं नाव आहे त्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता त्या म्हणत आणि घरचे टिपून घेत, म्हणून त्यांच्या मुलाच्या, सोपानदेवांच्या हाती ते धन उरलं आणि १९५२ मध्ये पुस्तक झालं. टिपून घेणाऱ्यांनी कोणत्या हेडखाली खर्च टाकला होता, याचा तपास झालेला दिसत नाही.

म्हणून पुन्हा मूळ विनंतीकडे. खरेदी समितीला ही खरेदी जड जाऊ नये याची तजवीज विज्ञानानं आधीच करून ठेवली आहे. तीन कोटेशनं लागतात ना? प्रमुख जनुकीय साठे तीनच आहेत: बेथेस्डाची जेनबँक, इंग्लंडात केंब्रिजजवळच्या हिंक्स्टनचं युरोपीय अभिलेखागार आणि जपानातल्या मिशिमाचं डीडीबीजे. तिघांचा करार आहे, तिघं रोज माल आपसात बदलतात, त्यामुळे तिन्ही दुकानांत माल तोच, लेटरहेड तेवढी वेगळी. आपल्याकडच्या समित्यांना ही पद्धत समजावून सांगायची गरज पडू नये. तुलनात्मक तक्ता एका दुपारी होईल, न्यूनतम दर निघेल, ठराव होईल, सूचक-अनुमोदक मिळतील.

एक शंका तरीही उरते आणि ती घरातूनच येणार: विकत घेतलेली प्रत्येक वस्तू आपण कुलपात ठेवतो, मग जेनबँकही गोदरेजच्या कपाटात जाईल त्याचं काय? जाऊ द्यावं. कपाटात जाईल ते बिल. डेडस्टॉक नंबर घालायचा तर तो बिलावर घालावा, दसऱ्याला हळदीकुंकू वाहायचं तर तेही बिलाला वाहावं. किल्ली लॅब असिस्टंटकडे असेल, ती जागा रिकामी असेल तर विभागप्रमुखांकडे, ते नॅकच्या कामात असतील तर शोधावी लागेल. माल तोवर बेथेस्डातच राहील आणि रावेरचा मुलगा गेटच्या बाहेर, बंदीच्या हद्दीपलीकडे उभा राहून मोबाइलवर हरण्याचा क्रम उघडेल. त्याला कुणी अडवायला जाऊ नये, कारण वस्तू आता कॉलेजची आहे आणि तिच्या वापराची आकडेवारी वार्षिक अहवालात धरता येते.