फुगवून पाच सेंटीमीटर

भाच्याला अग्निवीर व्हायचंय. त्यामुळे आमच्या मनोरीच्या घरात शिंप्याकडून मागून आणलेली टेप देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला लटकते आणि दिवेलागणीला त्याच्या छातीभोवती फिरते. महाराष्ट्रातल्या मुलाला उंची 168 सेंटीमीटर लागते, छाती 77, आणि श्वास भरून फुगवली की वर आणखी 5. त्या पाचव्या सेंटीमीटरला पोराचे डोळे बाहेर येतात, मानेच्या शिरा तटतटतात आणि टेप धरलेली त्याची आजी घाबरून टेपच सोडून देते.

मीही एकदा मापून घेतलं. छाती नियमाच्या कितीतरी पुढे निघाली. श्वास भरला तेव्हा मात्र ती जागची हलली नाही; फुगलं ते तिच्या खालचं. "मामा, याला मार्क नसतात," भाचा म्हणाला.

वजन उंचीच्या आणि वयाच्या हिशेबात बसावं लागतं. त्याचं कमी भरतं. म्हणून आजीने खुराक सुरू केलाय: उकडलेली अंडी, केळी, रात्री बांगड्याचं कालवण आणि भाकऱ्या. एकट्याला जेवण जात नाही म्हणून मी सोबत बसतो. त्याचा काटा अजून तिथेच आहे. माझा उत्तम प्रगती करतोय.

1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत धावलं की 60 मार्क, बीमवर 10 पुलअप काढले की 40. शिवाय नऊ फुटी चर उडी मारून ओलांडायचा. धावायला आमच्याकडे ओहोटीची ओली वाळू, त्यामुळे सरावाचं वेळापत्रक समुद्र ठरवतो. मी स्टॉपवॉच धरतो; बसून करण्यासारखं तेवढंच काम आहे.

चराची धास्ती मात्र मला पटत नाही. त्याची आई, म्हणजे माझी बहीण, लष्कराच्या कुठल्याच तक्त्यात मावणार नाही. पण मार्व्याची बोट जेट्टी सोडते आहे असं दिसलं, की डोक्यावरची मासळीची पाटी एका हाताने धरून ती अशी झेप घेते, की तांडेल आधी बोट सावरतो आणि मग तिला जागा देतो. भाचा तेव्हा जेट्टीवर उभा राहून पुढच्या बोटीची वाट बघतो.

2023 पासून आधी ऑनलाईन लेखी परीक्षा असते. ती पास झाली तरच धावायला बोलावतात. त्याचं पुस्तक अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनात आहे. आजी म्हणते, "आधी छाती फुगू दे, मग बघू."