तळेऱ्याक उतरा, मगे बघू

चुकीच्या एसटीत बसलेल्या माणसाला कंडक्टर आडरानात उतरवत नाही. "आता गप बसा. तळेऱ्याक उतरा, थंय सगळ्यो गाड्यो गावतत," म्हणतो. खरंच आहे ते. मुंबई-गोवा महामार्गावरच्या या नाक्यावर वैभववाडी-गगनबावड्यावरून कोल्हापूरला जाणारा रस्ता फुटतो, आणि इथवर भरकटत आलेला माणूस पुन्हा मार्गी लागतो.

कंपायलर लिहिणारे हेच करतात. प्रोग्राम वाचताना गोंधळ उडाला की कंपायलर पुढचा मजकूर टाकून देत सुटतो, आणि अर्धविराम दिसला की तिथून पुन्हा शहाण्यासारखा वाचू लागतो. पाठ्यपुस्तकं याला 'पॅनिक मोड' म्हणतात. थोडक्यात, तळेरे म्हणजे आमच्याकडचा अर्धविराम.

माझ्या भाच्याने सी भाषेत नेमका तोच खाल्ला. मग काय! कंपायलर तळेरे शोधत पार सावंतवाडीपर्यंत गेला आणि वाटेतल्या निरपराध ओळींना शिव्या घालत गेला. पडदा चुकांनी भरला. "मामानू, एवढ्यो चुको मी केलंय?" पोराचा चेहरा बघवेना.

टाइप तपासणं ही वेगळी बाब. ते तिकीट बघणं. आकड्याच्या जागी नाव दिलंत तर जावा स्टँडवरच अडवते. पायथॉन मोकळ्या मनाची. ती करूळ घाटाच्या मध्यावर गाडी थांबवून विचारते, "तुमचं तिकीट विजयदुर्गचं कसं?" मला घाटात गाडी लागते, म्हणून मी जावाच्या बाजूचा.

पण नुसत्या कडकपणाने भागत नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचं आरियान ५ रॉकेट सुमारे ४० सेकंदांत फुटलं. त्याचं सॉफ्टवेअर एडा भाषेतलं, आणि टाइपच्या बाबतीत एडाइतकी सोवळी भाषा विरळा. आरियान ४ वरून उचललेल्या त्या कोडात ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत कोंबली जात होती, जिथे ३२,७६७ च्या वर जागाच नाही. ती मावली नाही. आता चूक सावरायची कशी? नियम ठरलेला: चूक नोंदवा आणि संगणक बंद करा! राखीव संगणकातही तेच सॉफ्टवेअर. तो क्षणभर आधीच निजला होता. वर कडी म्हणजे, तो हिशेब उड्डाणानंतर कुणाला नकोच होता. एकाचं तिकीट चुकलं म्हणून भर घाटात इंजिन बंद करणारा कंडक्टर एसटीत तरी मी पाहिलेला नाही.

दुसरं टोक म्हणजे कॉर्नेल विद्यापीठातला १९७० च्या दशकातला पीएल/सी कंपायलर. पोरांनी काहीही खरडावं, हा स्वतःच दुरुस्त्या करून प्रोग्राम चालवायला बघणार. तुम्हाला कुठेतरी पोचवणार हे नक्की. कुठे, ते विचारायचं नाही.

शहाणपण मला मिशिगन विद्यापीठात घडत असलेल्या हेझेल भाषेत दिसतं. चुकलेल्या तुकड्यापुरती ती रिकामी जागा धरते आणि बाकीच्या प्रोग्रामचे टाइप तपासत राहते. अर्धामुर्धा प्रोग्राम चालवूनही दाखवते. ना ओरडा, ना आगाऊपणा.

कॉम्प्युटर क्लासवाल्यांना एवढीच विनंती: पोरांना पडद्यावरची फक्त पहिली चूक वाचायला लावा, तेवढीच दुरुस्त करायला सांगा, आणि पुन्हा कंपाइल करा. खालच्या बऱ्याचशा तिच्याच नातेवाईक असतात.